स्वादुपिंडातली पाण्याची गाठ

मुतखड्यासाठी अहिल्यानगरला किंवा लोणीला सीटी स्कॅन होतो आणि अहवालात खड्याखाली भलतीच ओळ येते : स्वादुपिंडात सिस्ट. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मार्च २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले, हे घरात सगळ्यांना आठवते. पण सिस्ट म्हणजे कर्करोग नव्हे.

गाठीगाठीत फरक

दारूमुळे किंवा पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज येऊन गेली, की मागे कधीकधी द्रवाची पिशवी उरते. तिचा कर्करोग होत नाही. पातळ पाण्यासारख्या द्रवाची ‘सिरस’ गाठही जवळजवळ नेहमी निरुपद्रवी असते. लक्ष ठेवायचे ते चिकट स्राव करणाऱ्या गाठींवर. त्यांतली एक जवळपास फक्त स्त्रियांनाच होते. दुसरी, आयपीएमएन, स्वादुपिंडाच्या नळीच्या अस्तरातून उगवते.

चालूच राहिलेली बटणे

२०११ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना तपासलेल्या आयपीएमएनपैकी ९६ टक्के गाठींत केरास किंवा जीनास या जनुकांपैकी निदान एकात बिघाड सापडला. केरास पेशीला ‘वाढ’ असा निरोप देते. एरवी निरोप देऊन ते बटण बंद होते. बिघडले की चालूच राहते. जीनास बिघडले, की पेशी चिकट स्राव करतच राहते. मात्र एवढ्याने कर्करोग होत नाही. अशा कित्येक गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात, आणि रुग्णाला धीर देताना हीच गोष्ट आधी सांगायला हवी असे मला वाटते.

राखणदार गेले की

पुढचा टप्पा धोक्याचा. पेशींचे विभाजन रोखणारे सीडीकेएन२ए, बिघडलेल्या पेशीला थांबवणारे किंवा मारणारे टीपी५३ आणि वाढीला लगाम घालणारे स्मॅड४ ही जनुके एकेक करून निकामी होतात. शेवटची दोन बहुधा उशिरा, पेशी आक्रमक होण्याच्या सुमारास. म्हणूनच एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीतून सुईने काढलेल्या द्रवात ती बिघडलेली दिसली, तर डॉक्टर सावध होतात.

शस्त्रक्रिया कधी?

मुख्य नळी १० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद झाली, गाठीत रक्तपुरवठा असलेला घट्ट भाग दिसला किंवा कावीळ झाली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. बाकीच्यांना ठरावीक काळाने एमआरआय पुरतो.

पहिल्या स्कॅनची फिल्म आणि अहवाल रद्दीत टाकू नका. गाठ वाढली की नाही, हे पुढच्या वेळी त्याच्याशीच ताडून पाहतात.