सांगोला : अकरा विजय आणि ९६० मतं

मतदारसंघाची कुंडली – भाग ७

१९९५ साली गणपतराव देशमुख सांगोल्यात १९२ मतांनी पडले. २०१९ साली त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख तिथेच ७६८ मतांनी पडले. दोन्ही वेळा समोर उभे होते शहाजीबापू पाटील. चोवीस वर्षांच्या अंतरानं झालेल्या या दोन पराभवांची बेरीज होते ९६० मतं. (आकड्यांचा नाद असलेल्यांनी हेही टिपून ठेवावं की ७६८ ही १९२ची बरोब्बर चौपट आहे. त्यातून निष्पन्न काही होत नाही.)

आणि गणपतरावांनी जिंकलेल्या निवडणुका अकरा. १९६२, १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०. मग १९९९, २००४, २००९, २०१४. सगळ्या शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या), सगळ्या सांगोल्यातून. याला अधूनमधून कुणीतरी 'विश्वविक्रम' म्हणतं, ते खरं नाही. केरळात के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते. महाराष्ट्रात मात्र गणपतरावांच्या बरोबरीला कुणी नाही.

या अकरा विजयांची गोष्ट सहसा एकाच पद्धतीनं सांगितली जाते. एसटीनं फिरणारा साधा आमदार, पक्ष न बदललेला, पैशाला न शिवलेला. यात खोटं काही नाही. पण तेवढ्यावर थांबलं की सांगोला म्हणजे एक बिनधोक बालेकिल्ला होता असं वाटू लागतं. मला तसं वाटत नाही. सांगोल्यात विरोधी मत कायम तगडं होतं. ते एका जागी जमायचं की नाही, एवढाच प्रश्न असायचा.

सुरुवात भूगोलापासून करू, कारण इथलं राजकारण पाण्याच्या टोकाचं आहे. नीरा उजवा कालवा वीर धरणातून निघतो, फलटण, माळशिरस करत पंढरपूर-सांगोल्याकडे येतो. टेंभू आणि म्हैसाळ या कृष्णेच्या उपसा योजना पश्चिमेकडून येतात, त्यांचाही सांगोल्यातला भाग शेवटाकडचा. म्हणजे कुठलंही पाणी असो, सांगोला 'टेल'ला. वरच्या तालुक्यातल्या उसानं आवर्तन ओढलं की खालच्या चाऱ्या कोरड्या. अशा ठिकाणी आमदाराचं काम रस्ता-समाजमंदिरापुरतं राहत नाही. कालव्याचं पाणी कुठल्या तारखेला सुटलं, किती दिवस चाललं, शेवटच्या गावाला पोचलं का, हे पाटबंधारे खात्याला सभागृहात विचारता आलं पाहिजे. गणपतराव पेशानं वकील. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, वकिलीसाठी सांगोल्यात आलेले. कागद वाचणारा आणि प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस टेलच्या तालुक्याला मिळाला, आणि नागनाथअण्णा नायकवडींच्या आटपाडीच्या पाणी परिषदेत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या मागणीशी सांगोल्याची मागणी जोडली गेली. विरोधी बाकावरच्या आमदाराला एवढी वर्षं टिकून राहता आलं, त्याचं निम्मं कारण मला इथे दिसतं. टेलच्या माणसाला सत्तेतला आमदार लागतोच असं नाही, भांडणारा लागतो.

आता १९७२. त्या निवडणुकीत काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा घेतल्या आणि शेकाप १९६७च्या १९ जागांवरून ७ वर आला. गणपतरावही गेले; काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. पण दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. मधल्या काळात तो भयंकर दुष्काळ होऊन गेला होता. एका लाटेत हरलेली जागा त्यांनी लाट ओसरण्याची वाट न बघता सोडवून घेतली. पुढे १९७८ला ते शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले. १९८०ची इंदिरा गांधींच्या पुनरागमनाची निवडणूक, १९८५, १९९० हे सगळं पार पडलं आणि मग आलं १९९५.

ही निवडणूक उलटी आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबायला हवं. राज्यात काँग्रेसची सत्ता जात होती, शिवसेना-भाजप युती पहिल्यांदा सरकार बनवत होती, अपक्ष तर ४५ निवडून आले. अशा काँग्रेसविरोधी वर्षात सांगोल्यात मात्र काँग्रेसचा तरुण उमेदवार जिंकला, तोही सात वेळा निवडून आलेल्या आमदाराला हरवून. म्हणजे सांगोल्याची लढत राज्याच्या हवेवर ठरत नव्हती. शेकापविरोधी गट एकवटला की मामला शंभर-दोनशे मतांवर यायचा. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. शिक्का दोन चिन्हांच्या रेघेवर पडला की मत बाद. त्या काळी एका मतदारसंघात बाद मतंच हजारांत जायची. १९२ हा आकडा त्यासमोर ठेवून बघा. शहाजीबापूंनी ती निवडणूक जिंकली हे खरंच, पण पाच वर्षं मुंबईला कोण जाणार याचा निकाल एखाद्या वाडीच्या मतांवर लागला.

१९९९ला काँग्रेस फुटली, राज्यभर दोन्ही काँग्रेस समोरासमोर लढल्या. गणपतराव परतले आणि विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मंत्रीही झाले. यानंतरच्या काळात सांगोल्याचं गणित मुंबईपेक्षा तालुक्यातच जास्त ठरू लागलं. इथे गट तीन. देशमुखांचा लाल बावटा, शहाजीबापूंचा गट, आणि दीपकआबा साळुंखे-पाटलांचा गट. पहिले दोन एकमेकांसमोर लढणारे, तिसरा ज्याच्याकडे झुकेल त्याचं पारडं जड. गणपतरावांच्या शेवटच्या निवडणुकांत राष्ट्रवादी काँग्रेसची, म्हणजे इथे साळुंखे गटाची, साथ त्यांना होती. २०१४ला शहाजीबापू शिवसेनेकडून लढले. गणपतरावांना ९४,३७४ मतं, शहाजीबापूंना ६९,१५०. फरक २५,२२४.

सांगोल्यात धनगर समाजाची मतं मोठी आहेत, देशमुख त्याच समाजातले, विषय संपला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जात मोजल्याशिवाय महाराष्ट्रातला कुठलाच मतदारसंघ कळत नाही हे मान्य. पण तीच मतं असताना १९७२ झालं, १९९५ झालं, २०१९ झालं. जातीनं पाया भरतो. वरचा मजला गटांच्या जुळणीनं चढतो किंवा चढत नाही.

२०१९. वय नव्वदीच्या पलीकडे गेलेल्या गणपतरावांनी थांबायचं ठरवलं. शेकापनं आधी जाहीर केलेलं नाव बदलून अनिकेत यांना उभं केलं. साळुंखे गट या वेळी शहाजीबापूंबरोबर गेला. निकाल: शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. दोघांची मिळून १ लाख ९८ हजारांच्या वर मतं आणि फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. एका मोठ्या मतदान केंद्रावर ७६८ माणसं दुपारपर्यंत रांगेत लागलेली असतात. काहींनी याला घराण्याच्या सद्दीचा शेवट म्हटलं. मला हा निकाल उलट वाचावासा वाटतो. पाच दशकांहून जास्त काळ जो माणूस उमेदवार होता तो नाही, नवखा तरुण उभा आहे, तिसरा गट समोर गेला आहे. तरी शेकापचा आकडा २०१४च्या खुद्द गणपतरावांच्या आकड्यापेक्षा चार हजारांनी जास्त आहे. मत व्यक्तीचं होतं की बावट्याचं, याचं उत्तर गणपतराव हयात असतानाच मिळालं.

३० जुलै २०२१ला गणपतराव गेले. पुढच्याच जूनमध्ये शिवसेना फुटली आणि गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी फोनवर बोलणारे शहाजीबापू अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाले. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत पोचलं. गंमत बाजूला ठेवली तर त्या संवादात माणदेशी बोलीचा जो ठसका आहे, तो या मतदारसंघाच्या सभांत रोजचा. सांगोल्यात त्या वाक्याचं अप्रूप बाहेरच्यांइतकं नसावं.

पण प्रसिद्धी आणि मतं यांचा हिशेब वेगळा निघाला. २०२४ला महाविकास आघाडीत शेकाप मित्रपक्ष असूनही ठाकरे गटानं दीपकआबा साळुंखेंना उमेदवारी दिली. शेकाप मागे हटला नाही. गणपतरावांचेच दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले. शहाजीबापू महायुतीतल्या शिंदे गटाकडून. म्हणजे तिन्ही गट आपापल्या नावानं मैदानात, आणि दोन शिवसेना एकमेकींसमोर. बाबासाहेबांना १,१६,२५६ मतं, शहाजीबापूंना ९०,८७०, दीपकआबांना ५० हजारांच्या वर. फरक २५,३८६. दहा वर्षांपूर्वी आजोबांनी घेतलेल्या मताधिक्याहून फक्त १६२ जास्त.

शहाजीबापू आणि दीपकआबा यांची मतं कागदावर एकत्र केली तर १ लाख ४१ हजारांच्या पुढे जातात. शेकापचा आकडा त्याच्या २५ हजारांनी मागे. मात्र ही बेरीज जशीच्या तशी धरू नये. दीपकआबांच्या मतांत त्यांचा गट होता तसाच लोकसभेच्या निवडणुकीपासून महायुतीवर चिडलेला मतदारही होता. दीपकआबांची मशाल नसती तर तो शहाजीबापूंच्या धनुष्यबाणाकडे गेला असता असं कुठे लिहिलंय? त्यातला बराचसा लाल बावट्याकडेच आला असता, असा माझा अंदाज. तरीही २०१९च्या ७६८ आणि २०२४च्या २५,३८६ या दोन आकड्यांत सर्वांत मोठा फरक कुठला, तर साळुंखे गट एकदा बापूंबरोबर होता आणि एकदा स्वतंत्र. राज्यात १९६७ला १९ आमदार असलेल्या पक्षाचा विधानसभेत आज एकच आमदार आहे, आणि तो सांगोल्याचा आहे, यामागे गणपतरावांची पुण्याई आहे तशी ही फाटाफूटही आहे.

एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली आहे. आजचा २५३ क्रमांकाचा सांगोला मतदारसंघ म्हणजे नुसता सांगोला तालुका नाही. २००८च्या फेररचनेत पंढरपूर तालुक्यातल्या भाळवणीकडची गावं त्यात आली. या गावांचा बाजार, कारखाना, सोयरिक पंढरपूरशी आणि आमदार सांगोल्याचा. एका पंढरपूर तालुक्याचे असे चार मतदारसंघांत तुकडे झाले आहेत: पंढरपूर-मंगळवेढा, माढा, मोहोळ आणि सांगोला. एकाच तहसील कार्यालयात चार आमदारांची पत्रं येतात तेव्हा काम कुणाचं आधी होतं, ते पुढच्या भागात.