मेणकिडा आणि बिळातला उंदीर

मधपाळांचा वैरी असलेला मेणकिडा आणि पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा केसविरहित 'नेकेड मोल रॅट' हे दोघेही आज वैद्यकीय संशोधनाला हातभार लावीत आहेत. एक पतंग, दुसरा सस्तन प्राणी; आणि त्यांच्या उपयुक्ततेची कारणेही परस्परविरुद्ध आहेत.

मेणकिड्याची मादी मधमाश्यांच्या पोळ्यात अंडी घालते व अळ्या पोळे पोखरून वाढतात. प्रौढ पतंग काहीच खात नाही. त्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. मात्र त्याची अळी ३७ अंश सेल्सियसला, म्हणजे आपल्या देहाच्या तापमानाला, तग धरते. तिच्या रक्तपेशी आपल्या न्यूट्रोफिलप्रमाणे जंतूंना गिळतात. संसर्ग बळावला की मेलॅनिनमुळे ती काळी पडते. त्यामुळे नव्या प्रतिजैविकाची प्राथमिक पारख काही दिवसांत होते आणि अनेक उंदरांचे प्राण वाचतात.

केनिया, इथिओपिया व सोमालियातील मोल रॅट मधमाश्यांप्रमाणेच एका राणीभोवती वसाहत करून राहतो, हे जेनिफर जार्विस यांनी १९८१ साली दाखवून दिले. साधा उंदीर सुमारे तीन वर्षे जगतो, तर हा तीसहून अधिक. प्राणवायू पूर्णपणे तोडला तरी तो फ्रुक्टोजवर ऊर्जा मिळवून १८ मिनिटे तग धरतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या कर्करोगप्रतिकाराचा संबंध रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली ऊतींमधील हायलुरोननच्या अतिदीर्घ रेणूंशी जोडला.

थोडक्यात, मेणकिड्याची अळी आपल्यासारखी आहे म्हणून उपयोगी, तर मोल रॅट आपल्यासारखा नाही म्हणून.

मात्र दोघांच्या साक्षीला मर्यादा आहेत. अळीला प्रतिपिंडे नसतात. म्हणून लशीचा प्रश्न तिला विचारता येत नाही. मोल रॅटलाही कर्करोग होतोच नाही, हा समज २०१६ साली त्याच्यात आढळलेल्या अर्बुदांनी खोटा ठरवला.

'कर्करोगावर उपाय सापडला' असे कात्रण घेऊन रुग्ण येतो, तेव्हा हा प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला आणि त्या प्राण्याला कोणता प्रश्न विचारला गेला, एवढे आपण पाहावे. उत्तर प्रामाणिकपणे समजावून सांगितले, तर रुग्णाची आशा टिकते आणि फसवणूकही टळते.