ओव्या घरी, ऐकणारी दूर

बदनापूर परिसरातील खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली एखादी आजी आहे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. ओव्या मात्र त्या पिढीच्या स्मरणात राहिल्या. त्या ध्वनिमुद्रित करणे आज अवघड नाही, कारण मोबाइल घरोघरी आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मुद्रित झालेला हा आवाज ठेवावा कोठे, आणि तो कोणी ऐकावा?

या क्षेत्रातील मोठे काम महाराष्ट्रातच झाले आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ ओव्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. तेथे गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही दिलेले असते. अभ्यासासाठी हा ठेवा अमोल आहे.

परंतु प्रत्येक ओवी जगासाठी गायिलेली नसते. माझ्या आजीच्या सुमारे तीन तासांच्या ओव्या मी मुद्रित केल्या. त्यांत तिच्या भावांची नावे आहेत, तशीच सासरी सोसलेल्या गोष्टीही आहेत. इंटरनेटवर ठेवू का, असे विचारताच ती म्हणाली, “जगाला कशाला? माह्या लेकीला ऐकव, बस.” ती लेक म्हणजे माझी आत्या. ती वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहते. आजीच्या या एका वाक्यातून पुढील सर्व तांत्रिक खटाटोप निर्माण झाला.

त्यासाठी जो उपाय आहे त्यास ‘होम सर्व्हर’ म्हणतात. सर्व्हर म्हणजे वाढणारा. पंगतीत वाढपी जसा मागेल त्याला मागेल ते वाढतो, तसा हा संगणक मागणी येताच फाईल पुरवतो. याकरिता नवे यंत्र घ्यावे लागत नाही, जुना लॅपटॉप पुरतो. त्याची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेली तरी तो काही काळ चालतो. तो 15 वॅट वीज घेतो असे धरले, तर अहोरात्र चालवूनही महिन्याला सुमारे 11 युनिट होतात. इंटरनेटच्या राउटरला मात्र विजेची वेगळी सोय करावी लागते. लॅपटॉपवर ‘जेलीफिन’ नावाची मोफत व मुक्त प्रणाली बसवता येते. ती 2018 सालापासून उपलब्ध आहे. ती ओव्यांची यादी मांडते आणि प्रत्येक ऐकणाऱ्यास वेगळे नाव व पासवर्ड देते.

आता ‘स्ट्रीमिंग’ म्हणजे काय ते पाहू. जात्यात कोणी पोतेभर ज्वारी एकदम ओतत नाही. मूठ मूठ वैरण घालतात आणि पहिल्या मुठीचे पीठ लगेच पडू लागते. तसेच येथे संपूर्ण फाईल पोहोचण्याची वाट न पाहता तिचे लहान लहान तुकडे येतात व वाजू लागतात. पुढचे काही तुकडे आधीच येऊन राहतात, म्हणून वाट क्षणभर अडली तरी आवाज तुटत नाही.

येथे थोडा हिशेब आवश्यक आहे. बोलण्या-गाण्याचा आवाज सेकंदाला 64 किलोबिट या वेगाने चांगला ऐकू येतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट आणि तासाला जवळजवळ 29 मेगाबाइट झाले. 4 मेगाबिटचा चित्रपट मात्र तासाला 1.8 गिगाबाइट घेतो, म्हणजे साठपटीहून अधिक. लक्षात ठेवावयाचे ते हे की, घरातून बाहेर पाठवताना ‘अपलोड’चा वेग मोजावा लागतो आणि पुष्कळ जोडण्यांत तो ‘डाउनलोड’पेक्षा कमी असतो. चित्रपटाला तो अपुरा पडला, तरी ओव्यांना पुरून उरतो.

सर्वांत मोठी अडचण पत्त्याची आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे 429 कोटीच आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी 2011 मध्ये वाटून झाले. म्हणून अनेक जोडण्या देणारे शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. आपल्या वसतिगृहाचे उदाहरण घ्या. वसतिगृहाला पत्ता आहे, खोलीला नाही. आतून एखाद्याने पत्र पाठवले तर रखवालदार नोंद ठेवतो आणि उत्तर आल्यास त्याच खोलीत पोहोचवतो. पण अनोळखी पत्र आले तर ते कोणाचे हे त्याला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. आत्याची मागणी आमच्या घरापर्यंत पोहोचत नाही, ती याच कारणाने.

यावर तोड अशी की, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बाहेर पत्र टाकावे. दोन्ही रखवालदारांच्या वहीत नोंद झाली की समोरून आलेले पत्र उत्तर समजून आत घेतले जाते. ‘टेलस्केल’सारख्या प्रणाली दोघांची वेळ जुळवून देण्याचे हे काम करतात. थेट वाट जुळलीच नाही तर मजकूर मधल्या संगणकावरून जातो. मात्र तो आधीच सांकेतिक स्वरूपात बंद केलेला असतो आणि किल्ल्या दोन टोकांनाच असतात. त्यामुळे मधल्याला तो वाचता येत नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही6 मध्ये, पत्त्यांचा तुटवडा नाही. तरीही दार उघडे टाकू नये. किल्ली असलीच पाहिजे.

घरबसल्या दूरचे गाणे ऐकण्याची हौस जुनीच आहे. पॅरिसमध्ये 1881 साली विद्युत प्रदर्शनाच्या वेळी नाट्यगृहातील गाणे टेलिफोनच्या तारेवरून ऐकवले गेले. पुढे 1890 पासून एक कंपनी वर्गणी घेऊन ते घरोघर पोहोचवू लागली. तेथे काय ऐकवावे हे कंपनी ठरवीत असे. घरच्या सर्व्हरचा विशेष हा की, ते गाणारीने ठरवावे.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका संगणकावर ठेवलेला ठेवा सुरक्षित नसतो, कारण डिस्क केव्हाही बंद पडते. म्हणून ओव्यांची दुसरी प्रत एका लहान डिस्कवर आत्याच्याच घरी ठेवली आहे. दोन घरी दोन प्रती असल्या की एका घरचे नुकसान दुसरे घर भरून काढते.

आत्या आता रात्री कामावरून आल्यावर मोबाइलवर ओव्या ऐकते. काही ओव्यांच्या पुढच्या ओळी आजीला आठवत नव्हत्या. त्या आत्याने फोनवरून सांगितल्या आणि आम्ही त्याही मुद्रित केल्या. संग्रह वाढतो तो असा.

तेव्हा मित्रांनो, या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर मुद्रण जरूर करा. गाणारीचे नाव, गाव व तारीख लिहून ठेवा. आणि सर्वांत आधी, हे कोणाला ऐकवावयाचे, ते तिलाच विचारा. यंत्राची मांडामांड तिच्या उत्तरावरून ठरवावी.