अणदूरचा काळा पाषाण आणि दूरचं बेट

अणदूरच्या शिवारात विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मग काळा पाषाण. या दगडात कुठे बारीक भोकं दिसतात, काहींत पांढरे स्फटिकही. थिजत्या लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा! सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा भेगांतून थरावर थर पसरला. जवळच्या नळदुर्गचा किल्लाही याच दगडाचा.

बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते या लाव्हामागचा तप्त स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकला, स्रोत मागे राहिला. वाटेत लक्षद्वीप-मालदीवच्या प्रवाळांखालचे ज्वालामुखी, पुढे मॉरिशस, सर्वांत शेवटी रियुनियन घडलं. ते पाण्यावर येऊन जेमतेम 20-30 लाख वर्षं झाली. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा ओकतो.