'जिल्ट': प्रेमात तोंडघशी पाडणं

गुन्ह्यांच्या इंग्रजी बातम्यांत 'जिल्टेड लव्हर' हमखास भेटतो. जिल्ट करणं म्हणजे नुसतं नातं संपवणं नव्हे. समोरच्याला आशा लावायची, शब्दही द्यायचा आणि ऐनवेळी पाठ फिरवायची! डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधली मिस हॅविशॅम लग्नाच्या दिवशीच अशी सोडली गेली, आणि तिनं घरातली सगळी घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना बंद केली.

शब्द सतराव्या शतकातला. उगम बहुधा 'जिल' या मुलीच्या नावात. हो, बडबडगीतातल्या जॅकसोबतची तीच! तेव्हा जिल म्हणजे कुठलीही पोरगी, जसे आपले सोम्यागोम्या. त्यावरून 'जिलेट' म्हणजे छचोर मुलगी आणि मग जिल्ट. म्हणजे आधी ही बाईलाच हासडलेली शिवी होती. पुरुषही जिल्ट करतात, हे भाषेनं सावकाश मान्य केलं.

कोर्टातलं चित्र मात्र नेमकं उलटं. लग्नाचं वचन मोडलं म्हणून इंग्लंडमध्ये भरपाईचा दावा लावता यायचा आणि दावे लावणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असायच्या. डिकन्सनं 'पिकविक पेपर्स'मध्ये याची झकास टर उडवली आहे. न दिलेल्या वचनापायी बिचाऱ्या पिकविकला ७५० पौंड भरायचा हुकूम होतो, आणि हा पठ्ठ्या पैसे देण्याऐवजी तुरुंगात जातो!

असे दावे तिथे १९७० च्या कायद्यानं बंद झाले.