विश्लेषण : साखरेच्या इंधनावर रॉकेट कसे उडते? ते घरी बनवणे धोक्याचे का?

चहात पडणारी साखर रॉकेटही उडवू शकते. परदेशातील हौशी मंडळी अशी रॉकेट आकाशात काही किलोमीटर उंच नेतात. त्यांचे व्हिडीओ पाहून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग करून पाहण्याचा मोह होतो. पण व्हिडीओत फक्त उड्डाण दिसते, त्यामागचे नियम दिसत नाहीत.

साखरच का?

रॉकेटला जळण लागते आणि ते जाळायला ऑक्सिजनही लागतो. ‘शुगर रॉकेट’मध्ये साखर हे जळण असते आणि ऑक्सिजन पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच सोरा पुरवतो. या मिश्रणाच्या घट्ट वडीमुळे त्याला ‘रॉकेट कँडी’ म्हणतात. ‘ऑक्टोबर स्काय’ (१९९९) हा चित्रपट ज्यांच्या आठवणींवर आधारित आहे, त्या होमर हिकम यांनी शाळकरी वयात हे इंधन वापरले होते. पुढे ते ‘नासा’त अभियंता झाले.

ताकद किती?

इंधनाची कार्यक्षमता ‘विशिष्ट आवेग’ या मापात, सेकंदांत मोजतात. साखरेच्या इंधनासाठी हा आकडा साधारण १३० च्या आसपास असतो. ‘इस्रो’च्या ‘एलव्हीएम ३’ रॉकेटच्या घन इंधनाच्या बूस्टरसाठी तो निर्वातात २७० च्या पुढे जातो. २००४ मध्ये अमेरिकेतील हौशी गटाचे ‘गोफास्ट’ रॉकेट सुमारे ११६ किलोमीटर उंच गेले, पण त्यात साखर नव्हती, संमिश्र घन इंधन होते.

स्फोट का होतो?

घन इंधन फक्त उघड्या पृष्ठभागावर जळते. वडीला तडा गेला किंवा आत हवेचा बुडबुडा राहिला, की जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो. वायू जास्त तयार होतो, दाब वाढतो, दाबामुळे जळण आणखी वेगाने होते. नोझलमधून वायू तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकला नाही, तर नळी फुटते. नळी धातूची असेल तर तिचे तुकडे छर्र्यांसारखे उडतात. शिवाय मिश्रण तयार करतानाच ते पेटण्याचा धोका असतो.

अमेरिकेने काय केले?

१९५७ मध्ये ‘स्पुटनिक’ उडाला आणि अमेरिकी मुले घरोघरी रॉकेट बनवू लागली. अनेक जण जखमी झाले, काहींचे जीवही गेले. त्यावर उपाय निघाला तो कारखान्यात बनलेल्या छोट्या, वापरून टाकायच्या मोटरचा. ऑर्व्हिल कार्लाइल या बूट दुकानदाराची ही कल्पना अभियंता जी. हॅरी स्टाइन यांनी पुढे नेली. पुढे मोठ्या रॉकेटसाठी तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे आली. आजही स्वतः बनवलेली मोटर ‘ट्रायपोली’ संघटनेच्या खास उड्डाणांत चालते. त्यासाठी मोकळे मैदान, ठरलेले सुरक्षित अंतर, दुरून प्रज्वलन आणि हवाई वाहतूक यंत्रणेची परवानगी लागते.

भारतात कायदा काय सांगतो?

१८८४ च्या स्फोटके कायद्याच्या व्याख्येत रॉकेटचाही उल्लेख आहे. स्फोटके बनवायला परवाना लागतो आणि ही व्यवस्था पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. गाझातील ‘कस्साम’ रॉकेटमध्येही साखर आणि नायट्रेट खताचे मिश्रण वापरले गेले. त्यामुळे ‘हा फक्त विज्ञान प्रकल्प होता’ एवढे सांगून सुटका होईलच असे नाही.

मग विद्यार्थ्यांनी काय करावे?

प्लास्टिकची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली मोकळ्या मैदानात पाण्याचे रॉकेट उडवता येते. क्रिया-प्रतिक्रिया, पंखांची जागा, गुरुत्वमध्य हे सारे त्यात शिकता येते. ‘ओपनरॉकेट’ या मोफत सॉफ्टवेअरवर मोठ्या रॉकेटचे आराखडे तपासता येतात. पुढच्या टप्प्यासाठी ‘इन-स्पेस’च्या विद्यार्थी मॉडेल रॉकेट्री स्पर्धांचा मार्ग आहे. स्वयंपाकघरात साखर वितळवण्यापेक्षा हा रस्ता लांबचा आहे, पण रॉकेट अभियंता व्हायचे असेल तर शिकायचे ते सगळे याच रस्त्यावर आहे.