दोन जिवांची काळजी

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. शिकविलेले त्यास उमजत नसे, म्हणून आम्ही त्यास जड बुद्धीचा समजत होतो. तो बहिरा आहे हे ध्यानात येण्यास सहा महिने लागले. तो दोष सर्वस्वी आमचा. पुढे त्याची आई भेटावयास आली. खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, ग्रहणात मी विळी हाती धरली, त्याचे हे फळ, असे घरी म्हणतात." मग हळूच म्हणाली, "तिसऱ्या महिन्यात घरातल्या सगळ्या मुलांच्या अंगावर पुरळ उठले होते. त्यांचे मीच केले. मलाही दोन दिवस कणकण होती." या दुसऱ्या गोष्टीविषयी तिला कोणीच काही विचारले नव्हते.

इ. स. १९४१ मध्ये सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी मात्र असे विचारले. जन्मतःच मोतीबिंदू असलेली अर्भके त्यांच्याकडे एकामागून एक येत होती. दवाखान्यात बसलेल्या आयांचे आपसांतील बोलणे त्यांच्या कानी पडले, असे सांगतात. त्यांनी व त्यांच्या सहव्यवसायींनी पाहिलेल्या ७८ अर्भकांपैकी ६८ जणांच्या मातांस गरोदरपणी जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, येऊन गेला होता; आणि तोही बहुधा आरंभीच्या महिन्यांत.

हा रोग मातेस क्षुल्लक वाटतो. थोडा ताप, कानामागे गाठी, दोन-तीन दिवसांचे पुरळ. कित्येकींस तेही नाही. परंतु त्याचा विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो. पहिल्या तीन महिन्यांत डोळे, कान व हृदय घडत असतात. त्या घडणीतच घाव बसतो. कधी गर्भपातही होतो. पाच महिने उलटल्यावर हे भय पुष्कळ ओसरते. गर्भास झालेली बाधा निवारील असे औषध नाही. खरा उपाय आधीचाच, तो म्हणजे लस.

गोवर-रुबेला लसीची मोहीम गोव्यात २०१७ साली व महाराष्ट्रात २०१८ साली झाली. ती पंधरा वर्षांखालील मुलामुलींपुरती होती. त्या वेळी पंधरा ओलांडलेल्या पुष्कळ मुलींस ही लस मिळालेली नसेल, आणि आज त्याच आपल्या घरांतील लेकीसुना आहेत. यास्तव विवाह ठरताच डॉक्टरांस विचारावे. लस घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी. गरोदरपणी ही लस देत नाहीत. गर्भवतीच्या सहवासात कोणास पुरळ उठल्यास तिला त्याच्या शुश्रूषेस लावू नये, व डॉक्टरांस त्वरित कळवावे. रक्त तपासून बाधेचा निर्णय करता येतो.

त्या मुलाच्या बहिरेपणाचे कारण रुबेलाच होते, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. परंतु विळीचा त्यात काही संबंध नव्हता, हे निश्चित. आपल्या पूर्वजांनी गर्भिणीस 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हटले. तिचे डोहाळे आपण हौसेने पुरवितो. तसेच तिला "काल अंग गरम होते का?" असेही घरातील वडीलधाऱ्यांनी विचारावे, आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.